एकशे तीस टक्क्यांचं शिकागो

१२ ऑगस्ट २०२१, गुरुवार. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०२० च्या गणतीचे वस्तीवार आकडे त्या दुपारी खुले केले. मतदारसंघ नव्याने आखायला लागतात ते हेच. कोविडमुळे साडेचार महिने उशीर झाला होता, त्यामुळे सगळेच खोळंबलेले. आमच्याकडे काम आलं होतं शिकागोचं: माणसं किती आणि त्यांत कोण किती, याचा तक्ता रात्रीपर्यंत हवा होता. शहराचे ५० वॉर्ड या आकड्यांवर नव्याने बेतायचे होते, म्हणजे एका वॉर्डात सरासरी ५५ हजारांच्या आसपास माणसं. कुठल्या समाजाच्या वाट्याला किती वॉर्ड येणार याची भांडणं याच तक्त्यावरून होणार होती, त्यामुळे चूक परवडणारी नव्हती.

पहिल्या दिवशी मिळतात त्या कच्च्या फायली. एक भूगोलाची आणि तीन आकड्यांच्या. त्यांना शीर्षकाची ओळ नसते, नुसत्या उभ्या रेघांनी तोडलेले आकडे. चारही फायली नोंद क्रमांकावरून एकमेकींना जोडायच्या, मग शहर या पातळीचा संकेतांक १६० निवडायचा, राज्य १७ म्हणजे इलिनॉय आणि गाव १४००० म्हणजे शिकागो. आकड्यांच्या पहिल्या फायलीत सुरुवातीचे पाच रकाने नोंदीची ओळख सांगणारे, पुढचे ७१ वंशाच्या तक्त्याचे आणि त्यापुढचे ७३ हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतलं असलेले) व बिगर-हिस्पॅनिक तक्त्याचे. एक रकाना सरकला तरी आकडे दिसायला अगदी बरोबर दिसतात, म्हणून मी आधी ७७ वा रकाना तपासते. तिथे दुसऱ्या तक्त्याची एकूण लोकसंख्या असते आणि ती सहाव्या रकान्याशी तंतोतंत जुळलीच पाहिजे. दुसरी काळजी शून्याची. शिकागोतल्या पहिल्या ट्रॅक्टचा, म्हणजे गणतीसाठी पाडलेल्या काही हजार वस्तीच्या भागाचा, क्रमांक ०१०१०० आहे. फाईल एक्सेलमध्ये थेट उघडली की सुरुवातीचं शून्य गळतं आणि नकाशाशी जोडणी तुटते. हे रकाने आकडा म्हणून न वाचता मजकूर म्हणून वाचायचे.

एकूण आकडा आला २७,४६,३८८. आम्ही दोनदा तपासला. २०१९ चा अंदाज सुमारे २६ लाख ९४ हजारांचा होता आणि इलिनॉय राज्याची वस्ती दहा वर्षांत १८ हजारांनी घटल्याचं एप्रिलमध्येच कळलं होतं. शहरही घटलं असणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. प्रत्यक्षात २०१० पेक्षा ५०,७९० माणसं जास्त निघाली. १९५० मध्ये हेच शहर ३६ लाखांवर होतं, त्यामानाने ही वाढ लहान, पण दिशा उलटी होती.

खरी अडचण त्यानंतर आली. सहकाऱ्याने टक्केवारीचा पहिला मसुदा दिला: श्वेतवर्णीय ३५.९, कृष्णवर्णीय २९.२, हिस्पॅनिक २९.८, आशियाई ७.०, मूळनिवासी १.३, इतर वंश १५.८, दोन किंवा अधिक वंश १०.८. वाचताना सगळं पटतं. बेरीज मात्र १२९.८.

आकडा एकही चुकलेला नव्हता, चूक मांडणीत होती. अमेरिकेच्या २०२० च्या गणतीत हे दोन वेगळे प्रश्न होते. अर्जात आठवा प्रश्न हिस्पॅनिक मूळ आहे का, हा. नववा वंश कोणता, हा. हिस्पॅनिक हा वंश धरलेला नव्हता, तसं अर्जावर छापलेलंही होतं. त्यामुळे मेक्सिकन कुटुंबातली एकच बाई आठव्यात 'मेक्सिकन' असते आणि नवव्यात श्वेतवर्णीय किंवा इतर. दोन्ही तक्ते एकाखाली एक लावले की ती दोनदा मोजली जाते. उपाय एकच: हिस्पॅनिक सगळे एका ओळीत घ्यायचे, मग त्यांचा वंश कोणताही असो, आणि बाकीच्या सगळ्या ओळी फक्त बिगर-हिस्पॅनिकांच्या घ्यायच्या. दुसरा तक्ता यासाठीच असतो. त्यातून आलं ते असं: श्वेतवर्णीय ३१.४, हिस्पॅनिक २९.८, कृष्णवर्णीय २८.७, आशियाई ६.९ आणि उरलेले ३.२. बेरीज १००. हिस्पॅनिक समाज कृष्णवर्णीयांच्या पुढे जाऊन शहरात दुसऱ्या क्रमांकावर आला होता, आणि हे पहिल्या मसुद्यातून नीट कळत नव्हतं.

दुसरा सापळा याहून वाईट, कारण त्यात बेरीज बरोबर येते. नुसता वंशाचा तक्ता घेऊन २०१० शी तुलना केली तर श्वेतवर्णीय ४५ टक्क्यांवरून ३५.९ वर येतात. माणसांत मोजलं तर सुमारे १२ लाख १३ हजारांवरून ९ लाख ८६ हजारांवर. सव्वादोन लाख गोरे शहर सोडून गेले, असा मथळा तयार होतो. पण बिगर-हिस्पॅनिक श्वेतवर्णीय पाहिले तर ते थोडे वाढलेत, ८ लाख ५५ हजारांवरून ८ लाख ६४ हजारांवर. मग गेलं कोण? बहुतेक कोणीच नाही, उत्तरांची नोंद बदलली. २०२० मध्ये 'श्वेतवर्णीय' आणि 'कृष्णवर्णीय' या चौकटींखाली मूळ लिहायला पहिल्यांदाच जागा दिली. लिहिलेल्या उत्तराची ३० ऐवजी २०० अक्षरं टिपली आणि दोनऐवजी सहापर्यंत संकेतांक दिले. ज्याने श्वेतवर्णीयावर खूण करून खाली 'मेक्सिकन' लिहिलं, तो 'श्वेतवर्णीय आणि इतर' ठरून दोन वंशांच्या ओळीत गेला. ती ओळ शिकागोत २.७ वरून १०.८ टक्क्यांवर गेली ती मुख्यतः यामुळे. म्हणून वंशाच्या तक्त्याची २०१० शी तुलना आम्ही छापलीच नाही, आणि का छापली नाही ते तळटीपेत लिहिलं. वृत्तपत्रांनीही असंच करावं असं मला मनापासून वाटतं. चुकीचा मथळा एकदा छापला गेला की दहा वर्षं तोच उगाळला जातो.

मराठी वाचक हमखास विचारतात, आपण कुठल्या ओळीत? 'एशियन इंडियन' ही चौकट १९८० पासून आहे. १९७० मध्ये भारतीयांना श्वेतवर्णीयांत मोजलं होतं आणि १९२० ते १९४० पर्यंत अर्जावर 'हिंदू' हाही एक वंश होता. मात्र त्या दिवशीच्या फायलींत आशियाई ही एकच मोठी ओळ होती. डेव्हन अॅव्हेन्यूवरचा भारतीय आणि चायनाटाउनमधला चिनी, दोघे एकत्र. मातृभाषा मराठी असलेले किती, हे या गणतीत विचारतच नाहीत. घरी कुठली भाषा बोलता हा प्रश्न दरवर्षीच्या नमुना पाहणीत असतो.

कृष्णवर्णीयांची घट मात्र नोंदीच्या फरकाने समजावून टाकण्यासारखी नव्हती. बिगर-हिस्पॅनिक कृष्णवर्णीय दहा वर्षांत जवळपास ८५ हजारांनी कमी झाले होते. शहराच्या दक्षिण भागातली, बहुतांश कृष्णवर्णीयांची एंगलवुड ही वस्ती १९६० मध्ये सुमारे ९७ हजारांची होती, २०२० मध्ये ती २४ हजारांवर आली. ट्रॅक्टवार रंग भरताना दक्षिणेकडचा भाग फिका पडत गेला, तेव्हा आम्ही कोणीच फार बोललो नाही.

संध्याकाळी ब्लॉकवार, म्हणजे गणतीच्या सगळ्यात लहान तुकड्यांचा, नकाशा उघडला. डाउनटाउनमध्ये, मिशिगन आणि वाबॅश या दोन रस्त्यांच्या मध्ये, ब्लॉक १००२. वस्ती १४: प्रौढ १३, मूल १. घरं शून्य. हा ब्लॉक म्हणजे शिकागो नदीचं एक वळण, नुसतं पाणी. आधी वाटलं आमचीच जोडणी चुकली. चुकली नव्हती. कोणाची खाजगी उत्तरं उघडी पडू नयेत म्हणून २०२० च्या आकड्यांत मुद्दाम गणिती भेसळ केलेली आहे. राज्याची एकूण लोकसंख्या आणि प्रत्येक ब्लॉकमधली घरांची संख्या जशीच्या तशी ठेवतात, बाकी आकडे थोडे वरखाली होतात. शहराच्या पातळीवर तो फरक नगण्य असतो, एका ब्लॉकमध्ये मात्र तो नदीत माणसं वसवतो. म्हणून एकट्या ब्लॉकवरून काहीही ठरवायचं नाही. अनेक ब्लॉक एकत्र करून ट्रॅक्ट किंवा वॉर्ड बनवला की चुका बऱ्याचशा एकमेकींना खातात.

गणतीतून सुटलेले लोक हा वेगळा प्रश्न. पुढे मार्च २०२२ मध्ये पडताळणी पाहणी आली. देशभरात हिस्पॅनिक ४.९९ आणि कृष्णवर्णीय ३.३० टक्के कमी मोजले गेले होते, बिगर-हिस्पॅनिक श्वेतवर्णीय १.६४ टक्के जास्त. हे प्रमाण शहराला जसंच्या तसं लावता येत नाही, तरी तक्त्याच्या पुढच्या आवृत्तीत ती ओळ आम्ही घातली.

नकाशावर नदीचं ते वळण आम्ही निळंच ठेवलं. ते १४ जण मात्र बेरजेतून काढले नाहीत. भेसळीत एका ब्लॉकला माणसं वाढतात तशी दुसरीकडे घटतात, आणि वाढलेली तेवढी काढली तर ट्रॅक्टची बेरीज खरोखरच चुकते.