माळ्यावरचा नॅस, नोंद पाचवी: सहा दिवस गेले कुठे?

मागच्या नोंदीत मी मोठ्या फुशारकीने लिहिलं होतं की घराबाहेरच्या कॅमेऱ्यांचं महिनाभराचं रेकॉर्डिंग आता घरच्या घरी राहतं, यापुढे नुसतं बघायचं काम. ते वाक्य मागे घेतो. जूनमध्ये सलग सहा दिवस नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) एकही नवी फाईल आली नव्हती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. कळलं ते वरच्या मजल्यावरचे काका दारात आले तेव्हा. "अरे, मंगळवारी रात्री माझ्या स्कूटरला कोणीतरी घासून गेलंय. तुझ्या कॅमेऱ्यात असेल ना?" "असेल की काका, दोन मिनिटं बसा." काका चहा होऊन गार होईपर्यंत बसले. मंगळवार नव्हताच. सोमवारही नव्हता, बुधवारही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात. पार्ल्यात तळमजल्याचं घर. चार कॅमेरे: दार, पार्किंग, मागची गल्ली आणि तुळशीकडची बाजू. चारही पीओईवर, म्हणजे वीज आणि डेटा एकाच केबलमधून. एन१०० चिपचा मिनी पीसी आहे, त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्रॅमला वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी सोय) फ्रिगेट चालतं; कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर ते हेच. दोन खणांचा नॅस माळ्यावर असतो आणि फ्रिगेट त्याच्यावर एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरचं फोल्डर आपलंच असल्यासारखं वापरून, लिहितं. फ्रिगेटचा डेटाबेस, म्हणजे कोणती फाईल कुठे आहे त्याची वही, मात्र मिनी पीसीच्याच एसएसडीवर आहे. तो नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवला की 'डेटाबेस लॉक्ड' म्हणून रुसतो, हे मी पहिल्याच आठवड्यात अनुभवलं. त्यांच्या माहितीपानावर तसं स्पष्ट लिहिलेलंही आहे, पण आपण माहितीपान वाचतो कधी? आपटल्यावर.

जागेचा हिशेब पुन्हा विचारला गेलाय म्हणून सांगतो. बिटरेट (कॅमेरा सेकंदाला किती डेटा पाठवतो ते) एमबीपीएसमध्ये घ्या आणि १०.८ ने गुणा, दिवसाचे जीबी मिळतात. माझे दार आणि पार्किंग ४ एमबीपीएसवर आहेत, म्हणजे दिवसाला प्रत्येकी ४३.२ जीबी. उरलेले दोन २ एमबीपीएसवर, म्हणजे प्रत्येकी २१.६. बेरीज १२९.६ जीबी. ४ टीबीच्या डिस्कवर तीस दिवस कसेबसे बसतात, आणि डिस्क काठोकाठ भरायची नसते म्हणून सव्वीस-सत्तावीस धरा. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची नवी पद्धत) लावलं तर बरीच जागा वाचते, पण आमच्या बाबांच्या जुन्या टॅबलेटवर ते चालत नाही. आणि घरात फुटेज सगळ्यात जास्त बाबाच बघतात. कोण आलं, कोण गेलं, दूधवाला किती वाजता आला, सगळा हिशेब त्यांच्याकडे. म्हणून जुनं एच.२६४.

डिस्कबद्दल माझा हट्ट महागात पडला होता, तेही नोंदवून ठेवतो. सुरुवातीला मी कपाटात पडलेली डेस्कटॉपची जुनी डिस्क घातली. ती एसएमआर निघाली. यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे एका ठिकाणी बदल करायचा तर शेजारच्याही पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. सेकंदाला दीड एमबी लिहिणं म्हणजे किरकोळ काम, असं मला वाटायचं. पण जुनं सतत पुसलं जातंय, नवं लिहिलं जातंय, आणि त्यात बाबांच्या फोनमधले फोटो बॅकअपला लागले की डिस्क काही सेकंद गप्प बसायची. फ्रिगेट दहा-दहा सेकंदांचे तुकडे आधी रॅममधल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, ठेवतं आणि तिथून डिस्कवर हलवतं. डिस्क उचलेना की कॅश तुंबते, मग लॉगमध्ये ओळ येते की शेवटचे सहा तुकडे ठेवतोय, बाकीचे टाकतोय. ही ओळ दिसली तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका, डिस्ककडे बघा. आता पाळत-कॅमेऱ्यांसाठी बनवलेली सीएमआर डिस्क आहे, तिच्यात पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या नसतात. या जातीच्या डिस्क साधारणपणे वर्षाला १८० टीबी कामासाठी ठरवलेल्या असतात, माझं लिखाण ४७ टीबीच्या आसपास जातं.

आता जून.

रविवारी रात्री वादळी पाऊस झाला आणि दोनच्या सुमारास वीज गेली. यूपीएसने काम चोख केलं. बॅटरी उतरायला लागल्यावर त्याने नॅसला निरोप दिला, नॅस शिस्तीत बंद झाला. मिनी पीसी त्या यूपीएसवर नव्हता (माझा कंजूषपणा), तो आधीच धाडकन गेला होता. पहाटे वीज आली. मिनी पीसी चाळीस सेकंदांत उठला. नॅसला उठून, डिस्क तपासून, एनएफएस सुरू करायला चारेक मिनिटं लागतात. या चार मिनिटांत सगळा खेळ झाला.

माउंटला, म्हणजे नॅस मिनी पीसीच्या एका फोल्डरवर चढवण्याच्या आज्ञेला, मी 'बीजी' हा पर्याय दिला होता. नॅस सापडला नाही तर मागे राहून पुन्हा पुन्हा प्रयत्न कर, असा त्याचा अर्थ. तोवर डॉकर थांबला नाही. त्याने फ्रिगेटचा कंटेनर उठवला आणि रेकॉर्डिंगचं फोल्डर त्याच्या हाती दिलं. ते फोल्डर त्या क्षणी होतं फक्त एसएसडीवरचा रिकामा माउंट पॉइंट. चार मिनिटांनी नॅस त्याच जागेवर व्यवस्थित माउंट झालासुद्धा. पण कंटेनरला त्याची खबर नाही. आधी हातात आलेल्या फोल्डरकडेच तो बघत राहतो, बाहेर त्यावर काय चढलं ते आतून दिसत नाही.

म्हणजे मी बाहेरून 'डीएफ' (डिस्कवरची जागा दाखवणारी आज्ञा) मारलं की नॅस जागेवर, ३.६ टीबी (४ टीबीची डिस्क तिथे एवढीच दिसते), सगळं झकास. आणि फ्रिगेट आतून लिहितंय १२८ जीबीच्या एसएसडीवर, जिथे मोकळी जागा ७० जीबी. ताशी ५.४ जीबी या हिशेबाने साधारण तेरा तासांत ती भरली. भरल्यावर तरी बोंब मारायला हवी होती ना? नाही. तासाभराची जागा उरली की फ्रिगेट सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग स्वतःच पुसतं. चांगली सोय आहे, पण माझ्याकडे तिने आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय अशी गत केली. थेट चित्र दिसतंय, सकाळचा दूधवाला दिसतोय, बाबा खूश. तेरा तासांपलीकडे काही नाही हे बघायची कोणाला गरजच पडली नाही, स्कूटरवाल्या काकांना पडेपर्यंत.

शोधताना डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. एसएसडी भरलेली दिसतेय, पण 'डीयू'ने (फोल्डरचा आकार सांगणारी आज्ञा) फोल्डर मोजत गेलो तर ते ७० जीबी कुठेच नाहीत. असणार कसे? ते नॅसच्या माउंटखाली झाकले गेले होते, गादीखाली पैसे असावेत तसे. फ्रिगेट बंद करून नॅस अनमाउंट केला तेव्हा खालून फोल्डरं बाहेर आली. शनिवारची होती, शुक्रवार रात्रीची थोडी. मंगळवारची अर्थातच नाही. काकांना मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मग एवढे डबे लावलेत कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक शेपूट राहिलं होतं. जागा करण्याच्या नादात फ्रिगेटने आपल्या डेटाबेसमधून जुन्या महिन्याच्या नोंदीही खोडल्या होत्या, पण त्या फायली तर नॅसवर होत्या, त्या त्याला सापडल्याच नाहीत. परिणाम असा की नॅसवर अडीच टीबी फायली पडून, ज्यांचा वहीत उल्लेखच नाही. त्या आपोआप पुसल्या जाणार नाहीत. जागा त्यांनी अडवलेली, आणि जागा कमी पडली की फ्रिगेट पुसणार ते नव्यांना. तारखांची फोल्डरं असल्याने मी हाताने साफ केली. सिंक रेकॉर्डिंग्ज नावाचा पर्याय आहे, तो हे काम करतो, पण त्या मनःस्थितीत 'आपोआप पुसणं' या शब्दांची मला धास्ती होती.

दुरुस्ती तीन पातळ्यांवर केली. पहिली आणि सगळ्यात स्वस्त: नॅस अनमाउंट असताना रिकाम्या माउंट पॉइंटवर 'चॅटर प्लस आय' ही लिनक्सची आज्ञा मारली. त्यामुळे ते फोल्डर दगडासारखं होतं, रूटलाही, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही, त्यात लिहिता येत नाही. वर नॅस माउंट झाला की नेहमीसारखं चालतं. नॅस नसेल तर फ्रिगेट गुपचूप भलतीकडे लिहिण्याऐवजी आरडाओरडा करतं, आणि मला तोच हवाय. दुसरी: 'बीजी' काढलं, आणि सिस्टमडीमध्ये (लिनक्समध्ये कोणी कधी उठायचं ते ठरवणारा) डॉकरला सांगितलं की हे माउंट झाल्याशिवाय उठायचं नाही. माउंटच्या आधी नॅसला पिंग करत, म्हणजे 'आहेस का' असं विचारत, थांबणारी एक छोटी सेवा जोडली. तिसरी: राखणदार. दर पंधरा मिनिटांनी एक स्क्रिप्ट प्रत्येक कॅमेऱ्याची गेल्या पंधरा मिनिटांतली फाईल शोधते. एकाचीही सापडली नाही तर फोन वाजतो. ही स्क्रिप्ट नॅसवरच चालते, मिनी पीसीवर नाही. मिनी पीसीला विचारून काय उपयोग, तो सहा दिवस 'सगळं ठीक' म्हणतच होता. शिवाय मिनी पीसीलाही आता यूपीएसची जागा दिलीय.

जुलैच्या पहिल्या रविवारी तालीम घेतली. भर दुपारी मेन स्विच पाडला. आईने स्वयंपाकघरातून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मग यूपीएस उतरू दिला आणि वीज परत दिली. नॅस उठेपर्यंत डॉकर थांबून राहिला, मग फ्रिगेट उठलं आणि पहिला तुकडा नॅसवरच पडला. दुसऱ्या तालमीत फक्त नॅसची नेटवर्क केबल काढली. फार तर अर्ध्या तासात फोन वाजायला हवा होता, वाजला नाही. केबल काढल्यावर नॅस निरोप पाठवणार कुठून! आता उलट केलंय: नॅस दर पंधरा मिनिटांनी बहिणीच्या ठाण्याच्या घरातल्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकाला 'जिवंत आहे' म्हणून कळवतो, आणि हाक आली नाही की तो संगणक मला फोनवर सांगतो.

माळ्याबद्दल. चोर आला तर नॅसच उचलून नेईल, म्हणून तो पसाऱ्यात, जुन्या ट्रंकेमागे दडवला होता. मे महिन्यात डिस्कचं तापमान ५३ अंशांवर गेलं. ट्रंक बाजूला सरकवली, माळ्याच्या दाराला जाळी लावली, आता ४४-४५ वर असतं. खाली रबराचे तुकडेही ठेवा, लाकडी फळीवर डिस्कची घरघर रात्री हॉलभर ऐकू येते.

फोल्डरच्या वेळांवरून बऱ्याच जणांचा गोंधळ होतोय. फ्रिगेट फोल्डरं यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, लावतं. आमचा दूधवाला पावणेसहाला येतो, तो सापडतो ००च्या फोल्डरमध्ये, आणि पहाटे पाचचा पेपरवाला आदल्या दिवशीच्या २३मध्ये. साडेपाच तास वजा करून शोधा. कॅमेऱ्यांचं इंटरनेट तोडलं असेल तर त्यांचं घड्याळही हळूहळू सरकतं, म्हणून नॅसवरच एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) सुरू करून कॅमेऱ्यांना तोच पत्ता द्या.

मागच्या गल्लीचा कॅमेरा अंधार पडला की बंद व्हायचा. इन्फ्रारेड दिवे लागले की वीज जास्त लागते आणि केबल ती पोचवू शकत नव्हती. लॅमिंग्टन रोडवरून तांब्याची म्हणून आणलेली केबल खरवडली तर आतून पांढरी, अॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. पात्याने एक तार खरवडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पावसात मोशनवाली, म्हणजे हालचाल दिसली की होणारी, साठवण फुगते, हे अपेक्षितच. त्यातून इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांना कोळी, आणि कोळ्याचं जाळं भिंगासमोर हललं की रात्रभर 'हालचाल'. दाराच्या कॅमेऱ्याचे दिवे बंद करून तीन फुटांवर वेगळा इन्फ्रारेड दिवा लावला, तेव्हा कोळ्याने बिऱ्हाड हलवलं. पालीवर उपाय सापडलेला नाही.

समोरच्या काकूंची खिडकी पार्किंगच्या चित्रात कोपऱ्यात येत होती. फ्रिगेटमधला मोशन मास्क त्या भागातली हालचाल नुसती दुर्लक्षित करतो, चित्र मात्र पूर्ण रेकॉर्ड होतं. झाकायचं तर कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये काळी पट्टी टाकावी लागते. टाकली आणि काकूंना घरी बोलावून टीव्हीवर दाखवली. त्यांनी पट्टी बघितली, मग पार्किंगच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती माझी मोगऱ्याची कुंडी तिथे कशी गेली रे?"

ते फुटेज होतं. गुरुवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, फोल्डर ०९. कुंडी काकांनीच सरकवली होती, स्कूटर भिंतीला टेकवून लावायला.