सगळ्या शाखा लाल

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर गेली की धोका मानला जातो. 2019 च्या महापुरानंतर आमच्या संस्थेने तळमजल्यावरील यंत्रणा हळूहळू वर हलवली. शेवटी उरला तो नेटवर्कवर लक्ष ठेवणारा जुना 32 बिटचा सर्व्हर. विटा, तासगाव, शिराळा, जत येथील शाखांच्या राउटरांची तो दर पाच मिनिटांनी एसएनएमपीवरून (नेटवर्कमधील उपकरणांना त्यांची स्थिती विचारण्याची पद्धत) चौकशी करीत असे.

नव्या सर्व्हरवर कॅक्टाय हे नेटवर्कचे आलेख काढणारे सॉफ्टवेअर बसवणे सोपे होते. खरा ऐवज जुन्या आलेखांचा, कारण पावसाळ्यात कोणती लाइन केव्हा तुटते याची नोंद दुसरीकडे कुठेच नव्हती. हे आलेख ज्या आरआरडी फायलींवरून (ठरावीक वेळाने घेतलेल्या मोजमापांचा साठा) निघतात, त्यांची मांडणी यंत्राच्या रचनेवर अवलंबून असल्यामुळे 32 बिटची फाइल 64 बिटच्या सर्व्हरवर नुसती कॉपी करून चालत नाही. ती जुन्या यंत्रावर एक्सएमएल या साध्या मजकुराच्या स्वरूपात उतरवून नव्यावर पुन्हा बांधावी लागते. एक्सएमएल मूळ फायलीपेक्षा बरीच फुगते आणि जुन्या डिस्कवर तेवढी जागा नव्हती, त्यामुळे ती तिथे न साठवता थेट नेटवर्कवरून पलीकडे पाठवली.

शाखांचे राउटर केवळ जुन्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यालाच उत्तर देत असल्याने नव्याला तोच पत्ता द्यायचे ठरले. संध्याकाळी जुना सर्व्हर बंद केला, नवा जोडला आणि चौकशीच्या पहिल्याच फेरीत सगळ्या शाखा पडद्यावर लाल, म्हणजे उत्तर न देणाऱ्या, झाल्या. जतला फोन केला, तर शाखाधिकारी म्हणाले, "साहेब, इथं सगळं व्यवस्थित चालू आहे. तुमच्याकडंच बघा काय ते."

सहकारी जुना सर्व्हर परत लावू म्हणत होता. मात्र आमच्याच इमारतीतील स्विच हिरवे होते. अडत होते ते फक्त गेटवेपलीकडचे, म्हणजे आमचे नेटवर्क बाहेर जोडणाऱ्या राउटरपलीकडचे. म्हणजे गेटवे राउटर त्या आयपी पत्त्याची उत्तरे अजून जुन्या सर्व्हरच्या मॅक पत्त्याकडेच (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) धाडत असणार. सिस्कोच्या राउटरवर कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा याची ही नोंद, म्हणजे एआरपी नोंद, मूळ सेटिंग बदलली नसल्यास चार तास टिकते. ती पुसताच पुढच्या फेरीत शाखा हिरव्या झाल्या.

केवळ हिरव्या रंगावर मी विसंबत नाही, म्हणून शिराळ्याच्या शाखेला राउटरची केबल काढायला सांगितली. पुढच्या फेरीत इशाऱ्याचा ईमेल आला आणि त्यामागोमाग, शिराळ्याची लाइन का तुटली हे विचारणारा व्यवस्थापकांचा फोन.