मैफलीआधीची फाइल

सांस्कृतिक संस्थेत काम करायचं म्हणणाऱ्या तरुणांना एकच प्रश्न विचारावा: रात्री दहाला माइक बंद करायचाय, तर शेवटच्या गवयाला किती वाजता बसवाल?

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात, उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षाकाठी फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र वेगळंच, म्हणून मैदान ठरवण्याआधी टेप घेऊन फिरावं. १९५३ साली पं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. या नियमांनी त्याचं घड्याळच बदललं. आता खुल्या मंडपातले महोत्सव दुपारी सुरू होतात; भीमपलास, मुलतानी या दुपारच्या रागांना पुन्हा श्रोते मिळाले आणि दरबारी, मालकंस हे रात्रीचे राग घाईत आले. पहाटेच्या ललतसाठी तर सकाळचं वेगळं सत्र ठेवावं लागतं. कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्याला रागसमय, म्हणजे कोणता राग कोणत्या वेळचा, कळायला हवा तो यासाठी.

आता हिशेब. दुपारी ४ ते रात्री १० म्हणजे ३६० मिनिटं. चार कलाकार, प्रत्येकी ७० मिनिटं: २८०. मधले तीन मंचबदल, प्रत्येकी १५: ४५. उरली ३५. त्यात दीपप्रज्वलन, निवेदन, सत्कार आणि उशीर. शेवटचा गवई ८:५० ला बसलाच पाहिजे. गणित फसतं ते बहुधा सत्कारात. (सत्कारमूर्तीच्या हातातला माइक परत मिळवणं ही पासष्टावी कला.) फटका मात्र शेवटच्याला, म्हणजे ज्याच्यासाठी लोक आलेत त्यालाच. म्हणून सत्कार पहिल्या कलाकाराआधी उरकावा. मंचबदलाची १५ मिनिटंही सांभाळावी लागतात: वातानुकूलित खोलीतून थेट दिव्यांखाली आणलेल्या तंबोऱ्याचा सूर उतरतो, मग जुळवाजुळव श्रोत्यांसमोर. तंबोरे अर्धा तास आधी मंचामागे आणून ठेवावेत.

तिकिटाचा दर पाचशेवर का अडतो, हेही ठाऊक हवं. नाटक, नृत्य, संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी माफ. ५५० केलं की जीएसटी-नोंदणी असलेल्या संस्थेला कर वरच्या पन्नासवर नाही, अख्ख्या रकमेवर लागतो. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कलाकाराचं मानधन एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत असेल तर त्यावरही जीएसटी नाही. जाहिरातीचा चेहरा म्हणून आलेल्याला मात्र ही सवलत नाही.

संस्थेची कागदपत्रं हा खरा कंटाळवाणा भाग, आणि गाडी अडते ती इथेच. महाराष्ट्रात सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली सांस्कृतिक संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंदवावी लागते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. तो राहिला की दप्तरात जुनेच विश्वस्त, कधी दिवंगतही. मग बँक नव्या सह्या घेत नाही, खातं अडकतं, आणि हे कळतं महोत्सवाच्या तोंडावर. नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात न्यासाच्या नोंदवहीचा ताजा उतारा मागवावा. नाटक असेल तर संहितेला प्रयोगाआधी मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही तपासावं.

मानधनावरून रुसवे होतात ते रकमेमुळे कमी, संदिग्धतेमुळे जास्त. एक लाख ठरलं आणि दहा टक्के टीडीएस कापून नव्वद हजार जमा झाले, की फोन येतो. म्हणून पत्रात लिहावं: एकूण किती, कपात किती, हातात किती, प्रवास आणि मुक्काम कुणाकडे. तबला-हार्मोनियमचं मानधन यात धरलंय की वेगळं, हेही. वेगळं असेल तर प्रत्येक साथीदाराचा पॅन आणि खातं आधी मागून घ्यावं, पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जावेत. सगळ्यांचं पाकीट मुख्य कलाकाराच्या हाती देऊ नये.