तुम्ही विचारलंत म्हणून: मळलेली वाट का सोडायची?

सिएरा नेवाडाच्या डोंगरांत मी जातो हे कळले, की कॅलिफोर्नियातली मराठी मंडळी बहुधा एकच प्रश्न विचारतात: जॉन म्यूर ट्रेलसारखी उत्तम वाट असताना तुम्ही ती सोडून दगडधोंड्यांतून का जाता?

योसेमिटी ते माउंट व्हिटनी अशी सुमारे 211 मैलांची ही वाट 1938 साली पूर्ण झाली, आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. गर्दी टाळायची म्हणून मी ती सोडतो, हे उत्तर अर्धेच ठरेल. खरे कारण असे की वाट बांधणाऱ्यांनी चालणाऱ्याचे बहुतेक निर्णय आधीच घेऊन ठेवलेले असतात, आणि मला ते निर्णय स्वतः घ्यायला आवडतात.

याच वाटेवरच्या पॅलिसेड तलावांचे उदाहरण घ्या. दक्षिणेकडून आलेली जॉन म्यूर ट्रेल तिथून ‘गोल्डन स्टेअरकेस’च्या वळणांनी जवळपास 8,000 फुटांपर्यंत खाली उतरते आणि मग ले काँट खोऱ्यातून पुन्हा चढू लागते. गिर्यारोहक-लेखक स्टीव्ह रोपर यांनी आखलेला, बराचसा मळलेल्या वाटांबाहेरून जाणारा ‘सिएरा हाय रूट’ हा मार्ग मात्र उंचावरच राहतो आणि सर्क, पॉटलक व नॅपसॅक अशा तीन खिंडी ओलांडून डूसी बेसिन या उंचावरच्या खोलगट, तलावांच्या पठारात पोहोचतो. मधल्या भागात बांधलेली वाट नाही. असतात ते ग्रॅनाइटचे उघडे कातळ, घसारा आणि ट्रंकेएवढ्या शिळांचे ढीग, ज्यांतली प्रत्येक शिळा भार टाकण्यापूर्वी पायाने चाचपून पाहावी लागते. तासाभरात एक मैल झाला तरी वेग बरा म्हणायचा. नकाशावरच्या दोन कंटूर रेषांत, म्हणजे समान उंची दाखवणाऱ्या रेषांत, उंचीचा 40 फुटांचा फरक असतो, म्हणजे 30 फुटांचा सरळ कडा त्यांच्यामध्ये सहज लपू शकतो. म्हणून खिंडीच्या माथ्यावरून उतार नीट दिसत नसेल, तर थांबून, डावी-उजवीकडे फिरून, खालपर्यंत सलग उतरता येईल अशी रेघ नजरेने जुळवायची आणि मगच पाऊल टाकायचे. सह्याद्रीत ढोरवाटा आणि घळी शोधत फिरलेल्या माणसाला हे काम ओळखीचे वाटेल. फरक इतकाच, की इथे वाट विचारायला गुराखी भेटत नाही.

या स्वातंत्र्याबरोबर एक जबाबदारी येते आणि तिच्याबाबत मी फार आग्रही आहे. 11,000 फुटांवरच्या गवताला वाढायला उन्हाळ्याचे मोजके आठवडे मिळतात. चारपाच जण एकामागोमाग एकाच रेषेत गेले, तर तिथे नवी पायवाट पडायला लागते. त्यामुळे गवतावर आम्ही पांगून चालतो, शक्य तिथे कातळावरूनच जातो, पाण्यापासून किमान 200 फूट दूर मुक्काम करतो आणि दगडांच्या खुणा रचत नाही. पुढच्यालाही आपली वाट आपण शोधू द्यावी.

तुम्हाला हे करून पाहायचे असेल, तर पूर्ण हाय रूटने सुरुवात करू नका. परवाना आणि अस्वलापासून अन्न वाचवणारा डबा घेऊन साउथ लेकहून निघा, साधारण सहा मैलांवरची 11,972 फुटांची बिशप खिंड चांगल्या वाटेने ओलांडा आणि डूसी बेसिनमध्ये तंबू लावा. दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ असेल, तर हलकी पाठपिशवी घेऊन नॅपसॅक खिंडीपर्यंत जा आणि आल्या मार्गानेच परता. सोबत कागदी नकाशा, होकायंत्र आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र असू द्या, आणि परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा.