माल्थसच्या नावाचा पट्टा

ऑल्डस हक्सलेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीबद्दल (१९३२) बोलताना लोक सोमाच्या, म्हणजे दुःख विसरायला लावणाऱ्या गोळ्या आणि बाटलीत वाढणारी बाळं यांच्याबद्दलच बोलतात, पण मला त्यातला माल्थसच्या नावाचा पट्टा जास्त अस्वस्थ करतो. नायिका लेनिनाच्या कमरेला असतो तो, गर्भनिरोधकांनी भरलेला. वर बारा ते सतरा वयात आठवड्यातून तीनदा माल्थसचं ड्रिल, म्हणजे ती साधनं वापरायची कवायत, एक दोन तीन चार म्हणत, डोकं न वापरता हात चालले पाहिजेत म्हणून. आणि हे सगळं कशासाठी, तर जगाची लोकसंख्या २०० कोटींवर रोखून धरायला.

आता खरा माल्थस बघा. इंग्लंडमधला पाद्री, पुढे हेलीबरीच्या कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीच्या होऊ घातलेल्या साहेबांना अर्थशास्त्र शिकवायचा, म्हणजे आपल्यावर राज्य करायला आलेले कितीतरी जण याच्याच हाताखालून गेलेले. १७९८ च्या निबंधात त्याने मांडलं की माणसं गुणाकाराने वाढतात आणि अन्न बेरजेने. पण त्याचा उपाय काय, तर उशिरा लग्न आणि तोपर्यंत ब्रह्मचर्य, बास. कृत्रिम साधनं त्याला अजिबात मान्य नव्हती, १८१७ च्या आवृत्तीत त्याने तसं स्पष्ट लिहून ठेवलंय. त्याच माणसाचं नाव या पट्ट्याला!

ही अदलाबदल हक्सलेच्या आधीच झालेली. १८७७ च्या सुमारास लंडनमध्ये माल्थुशियन लीग उभी राहिली, तिने माल्थसचं गणित घेतलं आणि ब्रह्मचर्य सोडून त्याजागी गर्भनिरोधक धरले. आपले र. धों. कर्वे याच विचाराचे, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी आयुष्यभर सोसलं. पण कर्व्यांना बाईच्या हातात निर्णय हवा होता, आणि कादंबरीत साधन तेच असून निर्णय मात्र सरकारचा. माझ्या मते पुस्तकातली खरी भीती इथे आहे, बाटल्यांमध्ये नाही. कादंबरीतली बिचारी लिंडा ड्रिल अगदी बरोबर केलं म्हणून शपथा घेत राहते, तरी तिला मुलगा, जॉन, होतोच, आणि बाटलीतल्या बाळांच्या त्या जगात आई झाल्याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटते.

१९५८ मध्ये हक्सलेने याच विषयावर परत लिहिलं तेव्हा पहिलंच प्रकरण लोकसंख्येवर. जग २८० कोटींवर गेलेलं, आणि तो म्हणतो गर्दी वाढली की टंचाई, टंचाई आली की सगळी सत्ता सरकारकडे, आणि मग हुकूमशाही. माल्थसला भुकेची भीती होती, याला भुकेच्या निमित्ताने येणाऱ्या हुकूमशहाची. पण गर्भनिरोधकांवर तो चिडला नाही हे मला फार मोठं वाटतं. त्याच्याच १९६२ च्या 'आयलंड' कादंबरीतल्या पाला या काल्पनिक बेटावर तीच साधनं पोस्टमन दर महिन्याला घरी आणून देतो, आणि तिथे कोणी कोणाकडून ड्रिल करून घेत नाही.