अंजीर आणि सोनामुखी

बॅटरसी पार्क स्टेशनवर गाडी चुकवणं हा माझा नित्यनेम आहे. मग पुढची येईपर्यंत तिकीटघरातले बिडाचे खांब बघत उभं राहायचं. अंगाने सडपातळ आणि डोक्यावर पानांचा गुच्छ. हे स्टेशन १८६७ सालचं, चार्ल्स ड्रायव्हर नावाच्या वास्तुविशारदाचं. आडनाव ड्रायव्हर आणि बांधली काय, तर रेल्वे स्टेशनं! दक्षिण लंडनमधली डेन्मार्क हिल आणि पेकम राय ही स्टेशनंही त्याचीच.

परवा क्रॉसनेसला गेले. थेम्सच्या काठावरचं जुनं पंपिंग स्टेशन. दारातून आत गेले आणि थबकलेच. तांबडे, हिरवे, सोनेरी रंगवलेले खांब, जाळ्या, कमानी, आणि सगळीकडे तीच पानं. माहिती वाचली तर साहेब तेच. स्टेशन म्हटलं की ड्रायव्हर. मग तिथे माणसं येवोत नाहीतर मैला.

हो, मैलाच. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स एवढी नासली होती की पार्लमेंटातले पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगले होते. त्याआधी कॉलऱ्याने हजारो माणसं गेली तेव्हा घोंगडं भिजत पडलं होतं. वास खासदारांच्या नाकाशी आला आणि कायदा भराभर झाला. जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने शहराखालून विटांची मोठाली गटारं काढली. मैला उतारावरून आपसूक पूर्वेकडे जायचा, पण जाता जाता इतका खोल उतरायचा की शेवटी उपसून वर आणावा लागे. क्रॉसनेसला तो टाकीत चढवायचा आणि ओहोटी लागली की नदीत सोडून द्यायचा. शुद्धीकरणाचं नाव नाही. आपला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटावा, तसा प्रकार.

त्यासाठी चार वाफेची इंजिनं. त्यांची नावं व्हिक्टोरिया, प्रिन्स कॉन्सर्ट, अल्बर्ट एडवर्ड आणि अलेक्झांड्रा! राणी, तिचे यजमान, मुलगा, सून. अख्खं राजघराणं मैला उपसायला जुंपलेलं. ४ एप्रिल १८६५ला उद्घाटनाला खुद्द युवराज आले होते. यातलं प्रिन्स कॉन्सर्ट स्वयंसेवकांनी कित्येक वर्षं खपून पुन्हा चालू केलंय. सत्तेचाळीस टनांची तुळई तराजूच्या दांडीसारखी वर-खाली होते, बावन्न टनांचं चाक फिरतं आणि एवढ्या धुडाचा आवाज म्हणाल तर झोपलेल्या आजोबांच्या श्वासाएवढा.

तिथल्या एका वयस्कर काकांनी मला एका जाळीजवळ नेलं. "ही पानं कसली, ओळखा."

एक अंजीर होतं, ते कळलं. दुसऱ्याला चपट्या शेंगा. ते म्हणाले, "सेना."

सोनामुखी! आजी नाक दाबून जिचा काढा पाजायची ती! तो घशाखाली उतरला की आम्ही भावंडं संडासापुढे नंबर लावून उभी. आणि ड्रायव्हरसाहेबांनी ती कुठे फुलवली, तर अख्ख्या दक्षिण लंडनचा मैला जिथे येऊन पडायचा तिथे. काका गालातल्या गालात हसत होते. बहुधा प्रत्येक पाहुण्याला ते इथे आणून असेच हसत असणार.

सोमवारी पुन्हा गाडी चुकली. मान वर करून बॅटरसीचे खांब एकेक करून नीट तपासले. शेंग काही दिसली नाही.