आमची वाटचाल : डेटा एकीकडे, किल्ली दुसरीकडे

कोल्हापुरात राजारामपुरीत दुकान थाटलं तेव्हा आमचा धंदा बॅकअपचा. टॅलीचा डेटा, पतसंस्थांची सॉफ्टवेअरं, दोन-चार साखर व्यापाऱ्यांची बिलिंगची फोल्डरं. शनिवारी हार्ड डिस्क बॅगेत घालून निघायचं, कॉपी मारायची, सही घ्यायची. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बिलं निघत होती आणि पैसे उशिरा का होईना येत होते.

खरी सुरुवात मिरजेच्या डॉक्टर मॅडममुळे झाली. त्यांचं सीटी-एमआरआयचं सेंटर. सीटीचा एक स्लाइस म्हणजे 512 गुणिले 512 ठिपके, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. एका पेशंटचे पाचशे-सहाशे स्लाइस, आणि दिवसाला पेशंट किती ते मिरजेत राहणाऱ्याला सांगायला नको. नॅस, म्हणजे नेटवर्कवरची डिस्कची पेटी, पुरेना, म्हणून आम्ही चार सर्व्हरवर मिनिओ हे स्टोरेजचं सॉफ्टवेअर बसवलं आणि त्यांच्या पॅक्सचं, म्हणजे स्कॅन साठवणाऱ्या यंत्रणेचं, जुनं रेकॉर्ड तिथल्या बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यात, ढकलायला लागलो. मॅडम एकदा बघायला आल्या. रॅककडे बघून त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, माझ्या पेशंटचा रिपोर्ट तुमच्या पोरानं मनात आणलं तर उघडून बघता येतो का?"

मी म्हटलं, येतो.

"आणि ही डिस्क बिघडली की कंपनीला परत पाठवता?"

पाठवतो. वॉरंटीत बदलून मिळते.

त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यावर आम्ही पुढची दोन वर्षं काम केलं.

उपाय एन्क्रिप्शनचा : डेटा असा कुलूपबंद करायचा की किल्लीशिवाय वाचता येऊ नये. जाणकारांना रचना ठाऊकच आहे. प्रत्येक ऑब्जेक्टची, म्हणजे साठवलेल्या फाइलची, स्वतःची किल्ली, त्या किल्लीला मास्टर किल्लीचं वेष्टण, वेष्टणातली किल्ली ऑब्जेक्टच्या मेटाडेटात, म्हणजे त्याच्यासोबतच्या नोंदीत, आणि मास्टर किल्ली स्टोरेजच्या हाताला कधीच लागत नाही. ती व्हॉल्टमध्ये, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या ट्रान्झिट नावाच्या इंजिनात. त्या काळी मिनिओ थेट व्हॉल्टशी बोलायचं, मध्ये केईएस, म्हणजे किल्ल्या आणून देणारा मध्यस्थ, नंतर आलं. वाचायची वेळ आली की मिनिओ वेष्टण पाठवतं, व्हॉल्ट ते सोडवून देतो. कंपनीला परत गेलेल्या डिस्कवर मग नुसता कचरा. आता सर्व्हर चालू असताना ज्याच्या हातात बकेटची परवानगी आहे त्याला फाइल दिसणारच, कुलूप सर्व्हरच लावतो-काढतो, सर्व्हर-साइड म्हणजे तेच. हे गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगावं. आम्ही मॅडमना सांगितलं, परवानगी फक्त त्यांच्या पॅक्सच्या खात्याला ठेवली आणि त्यांच्यासाठी वेगळी मास्टर किल्ली काढली. ती बंद केली तर त्यांचं रेकॉर्ड आम्हालासुद्धा बंद.

व्हॉल्टसाठी दोन छोट्या बिनपंख्याच्या पेट्या घेतल्या, मागे व्हॉल्टचा डेटा ठेवायला कॉन्सल. एकीचा कोपरा चेपलेला होता म्हणून दुकानदारानं पाचशे रुपये सोडले. ती पेटी अजून चालते. व्हॉल्ट उघडायच्या किल्लीचे पाच तुकडे, त्यातले कुठलेही तीन लागतात. ते तुकडे छापायला मी टीव्हीएसचा जुना डॉट मॅट्रिक्स बाहेर काढला तेव्हा पोरं हसली. हसू देत. थर्मलचा कागद दोन उन्हाळ्यांत पांढरा होतो. ऑफिसच्या मोठ्या कॉपियरच्या पोटात डिस्क असते, छापलेलं तिथं राहू शकतं. आणि छापताना बेस64 (मोठी-लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेलं) छापू नका, हेक्स (0 ते 9 आणि ए ते एफ एवढंच) छापा. 44 अक्षरांऐवजी 66 होतात, पण शून्य की ओ, एक की एल, ही भानगड उरत नाही. पाकिटाला लाख लावायची आणि बंद कडेवर आडवी सही करायची.

पाच पाकिटं पाच जणांकडे गेली : मी, माझा भागीदार, सांगलीचे आमचे सीए, पुण्यातला मेव्हणा आणि डॉक्टर मॅडम. गिऱ्हाइकाच्या हातात तुकडा द्यायची कल्पना भागीदाराची. त्याचं श्रेय त्यालाच, पुढं काय झालं ते झालं तरी.

आता पुण्याच्या एका कंपनीबद्दल. नाव घेत नाही. आमच्याकडे एक नागरी सहकारी बँक होती, चेकच्या प्रतिमा आणि केवायसीची कागदपत्रं ठेवायला. या लोकांनी तिथं जाऊन आमच्या निम्म्या दरात कोटेशन दिलं. "तेच 256 बिट, तेच एस3." म्हणजे कुलूप तेवढंच भक्कम, स्टोरेजची पद्धतही तीच. ऑडिटरच्या तक्त्यात एक रकाना असतो : साठवलेला डेटा एन्क्रिप्टेड आहे का. हो किंवा नाही. किल्ली कुठं आहे हा रकाना त्या तक्त्यात नव्हता. बँक गेली. डेटा हलवताना बँकेतल्या आयटीच्या पोरानं, बिचारा अडला म्हणून, मला स्क्रीन दाखवली. मास्टर किल्ली सर्व्हरच्याच एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या साध्या फाइलमध्ये, एका ओळीत. आणि त्या सर्व्हरच्या सिस्टिम डिस्कचा रोजचा बॅकअप त्याच खोलीतल्या दुसऱ्या डिस्कवर. कुलूप लावून किल्ली त्याच कडीला अडकवलेली. मी चेअरमन साहेबांना दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं की "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे". सहकारात हयात घालवलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो.

ती कंपनी आज मोठी आहे. बाणेरला काचेचं ऑफिस आहे. पाणी पडून त्यांचं काही बुडालं नाही, चोरी झाली नाही, काहीच झालं नाही. मला तेच सलतं.

पाणी आमच्याकडे आलं. 2019 चा ऑगस्ट. पंचगंगा धोक्याची पातळी ओलांडून गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शहरात पेट्रोल-डिझेल नाही. आमचं दुकान वरच्या बाजूला, आत थेंब आला नाही, पण फीडर बंद झाला. इन्व्हर्टर संपला, जनरेटर संपला, रॅक नीट बंद केलं. दुसऱ्या दिवशी कॅनमधून डिझेल मिळालं, रॅक चालू केलं. चारही सर्व्हर वर आले, एक डिस्क खराब नाही. आणि व्हॉल्ट सील, म्हणजे कुलूपबंद : तीन तुकडे घातल्याशिवाय काही सोडवून देत नाही. तो रीस्टार्ट झाला की सीलच उठतो. क्लाउडच्या किल्लीवर आपोआप उघडायची सोय तोवर फुकटच्या आवृत्तीतही आली होती. ती मी मुद्दाम लावली नव्हती, कारण मग आमची किल्ली कुणा तिसऱ्याच्या किल्लीवर टांगली असती. आजही लावलेली नाही.

मॅडमचा भाग कोरडा होता, सेंटर चालू होतं. आसपासच्या गावांतून पेशंट येत होते आणि जुने स्कॅन उघडत नव्हते. डेटाची प्रत पुण्यात होतीच. तिथं ती सुखरूप होती आणि बिनकामाची, कारण वेष्टण सोडवणारा व्हॉल्ट कोल्हापुरात.

माझा तुकडा मी टाकला. मॅडमनी त्यांचा तुकडा स्वतःच्या लॅपटॉपवरून व्हीपीएनने टाकला. फोनवर वाचून दाखवते म्हणाल्या, मी नको म्हटलं. स्क्रीनवर आलं : 2/3. सीए साहेबांचं पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये, बँकेच्या दारात पाणी. मेव्हणा कंपनीच्या कामानं जर्मनीत, पाकीट पुण्यात कपाटात, कपाटाची चावी त्याच्याकडे. भागीदार शिरोळ तालुक्यात गावी, फोन बंद.

2/3 वर स्क्रीन थांबलेली आणि पाठीमागे जनरेटर डिझेल पितोय. तशी रात्र कुणावर येऊ नये. तीन गिऱ्हाइकांनी करार मोडायचे मेल त्याच रात्री पाठवले. त्यातल्या एकाला तर पुण्याहून फोन गेला होता, "तुमचा डेटा अडकलाय असं ऐकलं". कुठून ऐकलं, कुणास ठाऊक.

पहाटे फोन वाजला. "आरं, जयसिंगपूरला हाय मी. शाळेत. होडीनं आणलं आमास्नी." पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवलं होतं त्यानं. लॅपटॉपही आणला होता. कपडे आणले नव्हते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, छावणीच्या गलक्यात, 66 अक्षरं त्यानं दोनदा तपासून टाकली. सील उघडलं. मॅडमचा मेसेज आला : "दिसतंय."

दीड वर्षानं तोच भागीदार त्याच पुण्याच्या कंपनीत गेला. पगार चांगला होता, पोरगी अकरावीला होती. मी काही बोललो नाही, अजूनही फारसं बोलत नाही. त्या संध्याकाळी आम्ही रिकी केलं, म्हणजे व्हॉल्ट उघडायची किल्ली बदलून पाच नवे तुकडे काढले. धंद्यात नवीन असलेल्यांसाठी : भागीदार फुटला की आधी रिकी, मग हिशेब, मग रुसवे-फुगवे. जुना तुकडा परत घेऊन काही साधत नाही, फोटो काढायला एक सेकंद लागतो. आणि मास्टर किल्ली फिरवली म्हणून जुनी आवृत्ती पुसू नका. जुन्या ऑब्जेक्टचं वेष्टण जुन्याच आवृत्तीनं सुटतं. ट्रान्झिटमध्ये किल्ली डिलीट करायची परवानगी मुळात बंद असते. ती कुणी "स्वच्छता" म्हणून चालू करत असेल तर त्याला घरी पाठवा.

पुरानंतर व्हॉल्टचं एक नोड पुण्यात गेलं, कॉन्सल काढून व्हॉल्टच्या स्वतःच्या राफ्ट साठवणीवर आलो, मध्ये केईएस आलं. केईएस माणसाला सर्टिफिकेटवरून ओळखतं, पासवर्ड नाही, हे मला फार आवडलं. फक्त सर्टिफिकेटची मुदत भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. मॉनिटरिंगचा मेल कुणी वाचत नाही, कालनिर्णय घरातली सगळी वाचतात.

मग परवान्यांची कटकट. 2021 मध्ये मिनिओ एजीपीएल या जास्त कडक मुक्त परवान्यावर गेलं. ऑगस्ट 2023 मध्ये व्हॉल्टचा मुक्त परवाना गेला, वापरावर बंधनं घालणारा बीएसएल आला. 2025 मध्ये मिनिओच्या फुकटच्या आवृत्तीच्या कन्सोलमधली बहुतेक प्रशासकीय कामं काढून टाकली आणि पुढं तयार बायनरी, म्हणजे थेट चालवता येणारी फाइल, देणंही थांबवलं. त्यांचा धंदा त्यांनी बघावा, तक्रार करायला आम्ही कोण. पण बारा माणसांच्या पोटाचा प्रश्न अशा एका घोषणेवर येऊन बसतो तेव्हा राग येतो. व्हॉल्टच्या जागी त्याचीच मुक्त परवान्याची फांदी ओपनबाओ चाचणीत चालू आहे. स्टोरेजसाठी सेफ या मुक्त स्टोरेज सॉफ्टवेअरचं रॅडोस गेटवे बघतोय. तेही व्हॉल्टशी बोलतं आणि एन्क्रिप्शनची विनंती टीएलएसशिवाय, म्हणजे सुरक्षित जोडणीशिवाय, आली तर मुळात घेतच नाही. हा कडकपणा मला पटतो.

2023 चा डेटा संरक्षण कायदा आला, त्यात दंड 250 कोटींपर्यंत. तेव्हापासून फोन वाढलेत. पूर्वी जे "एवढं कशाला" म्हणायचे तेच आता "लगेच करून द्या" म्हणतात. त्या बँकेचाही फोन आला होता. चेअरमन बदललेत. मी कोटेशनबरोबर जुन्या दोन पानी पत्राची झेरॉक्स जोडली.

डॉक्टर मॅडम आता सेंटर मुलीकडे सोपवतायत. मुलगी हुशार आहे, खर्चाचा तक्ता मांडून बसली आहे. गेल्या आठवड्यात तिनं पुण्याच्या कंपनीचं कोटेशन मला पाठवलं, एक तृतीयांश कमी, खाली सही आमच्या जुन्या भागीदाराची. मी तिला एवढंच लिहिलं की, मास्टर किल्ली कुठल्या मशीनवर राहणार, तिचा एक तुकडा तुमच्या हातात देणार का, आणि करार संपल्यावर ती किल्ली बंद करून दाखवणार का, हे त्यांच्याकडून लेखी घे. आमचा दर मी एक रुपयानंही खाली आणलेला नाही.